सुटीतला सिनेमा आणि मराठी खेळाची वेळ

दिवाळी जवळ आली की मराठी घरांत काही बेत आपोआप आखले जातात. फराळ, दिवाळी अंक, नातेवाइकांच्या भेटीगाठी आणि या गडबडीतून वेळ काढून सर्वांनी मिळून पाहावयाचा एक चित्रपट. नाताळात, मे महिन्याच्या सुटीत आणि सणाला जोडून आलेल्या रजेतही हेच घडते. मात्र नेमक्या याच दिवसांत मनाजोगता चित्रपट मनाजोगत्या वेळेला मिळणे कठीण होऊन बसते. मोठ्या हिंदी चित्रपटाचे खेळ सकाळी नऊपासून मध्यरात्रीपर्यंत लागलेले असतात. आणि ज्या मराठी चित्रपटाविषयी चांगले ऐकून घरातली मंडळी तयार झालेली असतात, त्याचा एखादाच खेळ, तोही घरातून निघणे अशक्य अशा वेळी ठेवलेला आढळतो. पुढच्या आठवड्यात पाहू म्हणावे, तर पुढच्या आठवड्यात तो चित्रपट उतरलेला असतो.

हे असे का होते, पूर्वी काय होते, या बाबतीत नियम कोणते आहेत आणि प्रेक्षकाच्या हातात नेमके काय उरते, याचा हा आढावा.

सणाचे पंचांग, सिनेमाचे पंचांग

वर्षभराच्या बावन्न शुक्रवारांचे मोल चित्रपट व्यवसायात सारखे नसते. शाळा-महाविद्यालयांच्या परीक्षांचे फेब्रुवारी-मार्चचे दिवस मंदीचे मानले जातात. पितृपक्षात मोठे चित्रपट सहसा लागत नाहीत. २००८ साली इंडियन प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून एप्रिल-मे महिन्यांतील संध्याकाळी क्रिकेटशी स्पर्धा करावी लागते. उलट १५ ऑगस्ट, ईद, दिवाळी आणि नाताळ या चार मोक्याच्या जागा. बड्या निर्मितीसंस्था त्या वर्ष-दोन वर्षे आधीच जाहीर करून अडवून ठेवतात.

दिवाळीचेही सगळे दिवस सारखे नसतात. दिवाळीआधीचा आठवडा चित्रपटगृहांसाठी सुना असतो, कारण लोक खरेदीत आणि साफसफाईत गुंतलेले असतात. नरकचतुर्दशीची पहाट आणि लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ घरची. खरी गर्दी उसळते ती पाडवा आणि भाऊबीजेला, आणि त्याला लागून शनिवार-रविवार आला तर दुधात साखर. म्हणूनच दिवाळीत शुक्रवारचा शिरस्ताही मोडला जातो. २०१२ साली ‘जब तक है जान’ आणि ‘सन ऑफ सरदार’ हे चित्रपट मंगळवारी, १३ नोव्हेंबरला लागले. २०१५ आणि २०१८ साली पाडवा गुरुवारी होता, म्हणून मोठे चित्रपट गुरुवारी आले. २०२३ साली ‘टायगर ३’ चक्क लक्ष्मीपूजनाच्या रविवारी प्रदर्शित झाला, तर २०२५ साली ‘थामा’ मंगळवारी, २१ ऑक्टोबरला.

या दिवसांची पुण्याई जुनी आहे. मेहबूब खान यांचा ‘मदर इंडिया’ १९५७ सालच्या दिवाळीच्या सुमारास मुंबईच्या लिबर्टीमध्ये लागला. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ २० ऑक्टोबर १९९५ रोजी, दिवाळीच्या तीन दिवस आधी आला आणि मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात त्याने एक हजार आठवडे ओलांडले. करोनाच्या बंदीनंतर महाराष्ट्रातील चित्रपटगृहे २२ ऑक्टोबर २०२१ पासून निम्म्या क्षमतेने उघडली, तेव्हा प्रेक्षक परत येतील की नाही याची परीक्षाही दिवाळीनेच घेतली. ५ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, ‘सूर्यवंशी’ लागला आणि तिकीटबारी पुन्हा हलू लागली. दोन आठवड्यांनी आलेल्या मराठी ‘झिम्मा’नेही चांगला प्रेक्षक खेचला.

प्रती मोजक्या होत्या तेव्हा

सणाच्या दिवशी सर्वत्र एकच चित्रपट, ही गोष्ट पूर्वी शक्यच नव्हती. चित्रपट फिल्मच्या रिळांवर असे, त्याची प्रत्येक प्रत काढण्यास मोठा खर्च येई आणि प्रती मोजक्याच निघत. मोठ्या शहरांतील ठरावीक चित्रपटगृहांत त्या आधी लागत. तेथील गर्दी ओसरल्यावर त्याच प्रती तालुक्याच्या गावी जात. त्यामुळे चित्रपट हळूहळू पसरे आणि दीर्घकाळ टिके. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली गिरगावच्या सेंट्रलमध्ये वर्षाहून अधिक काळ चालला. १५ ऑगस्ट १९७५ रोजी लागलेला ‘शोले’ मिनर्व्हामध्ये पाच वर्षे होता. दिवाळीत तिकीट मिळाले नाही, तर नाताळात पाहू, असे म्हणण्याची सोय त्या काळी होती. रौप्यमहोत्सव हा शब्द याच व्यवस्थेने मराठीत रुळवला.

तिकीट मिळवणे मात्र सोपे नव्हते. आगाऊ आरक्षणाची खिडकी उघडण्याआधी रांग लागे. घरातील एका तरुणावर ती कामगिरी सोपवली जाई. स्टॉल, अप्पर स्टॉल, बाल्कनी अशी दरांची उतरंड असल्याने खिशाप्रमाणे बसण्याची सोय होती. ‘हाउसफुल्ल’ची पाटी लागली की काळ्या बाजारातील दर सुरू होत. सणाच्या दिवसांत हे दर कुठवर जातात, यावरून चित्रपटाचे भवितव्य सांगणारे जाणकारही असत.

मराठी चित्रपटाची अडचण तेव्हाही होतीच. चित्रपटगृहाला एकच पडदा. त्यामुळे हिंदी चित्रपट घेतला की मराठी चित्रपट बाहेर, असा रोखठोक मामला असे. १९७१ सालचे ‘सोंगाड्या’चे उदाहरण सुपरिचित आहे. दादरच्या कोहिनूरमध्ये दादा कोंडके यांच्या या चित्रपटाऐवजी देव आनंद यांचा ‘तेरे मेरे सपने’ लावण्याचे घाटत होते. शिवसेनेने हस्तक्षेप केला, ‘सोंगाड्या’ लागला आणि नंतरचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्या इतिहासात एक बारकावा आहे. आंदोलनाने चित्रपटाला पडदा मिळवून दिला. पण तो पडद्यावर टिकवला प्रेक्षकांनी. रिकाम्या खुर्च्यांपुढे कोणतेही आंदोलन फार दिवस चालत नाही.

जत्रेतला तंबू

शहरात दिवाळी-नाताळ, तसा ग्रामीण महाराष्ट्रात सिनेमाचा हंगाम जत्रांचा. सुगी आटोपली की गावोगावच्या यात्रा सुरू होत आणि ट्रकवर यंत्रसामग्री लादून तंबू सिनेमावाले एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत जात. देवदर्शन, खरेदी, तमाशा आणि तंबूतला चित्रपट असा तो एकत्रित सोहळा. वर्षातून एकदाच पडदा पाहणारी कुटुंबे या तंबूंत बसत. येथे जुन्या, कौटुंबिक मराठी चित्रपटांना मान होता, कारण प्रेक्षक कोणता आहे हे तंबूचालकाला नेमके माहीत असे. गजेंद्र अहिरे यांचा ‘टुरिंग टॉकीज’ हा २०१३ सालचा चित्रपट याच व्यवसायावर आहे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाने २०१६ साली कान महोत्सवापर्यंत त्याची गोष्ट नेली. दूरचित्रवाणी, सीडी आणि पुढे मोबाइल आल्यावर तंबू आटत गेले. जत्रा राहिली, तिच्यातील सिनेमाची जागा मात्र आक्रसली.

पंचवीस खेळांचे गणित

चित्र बदलले ते मल्टिप्लेक्स आणि डिजिटल प्रक्षेपण या दोन गोष्टींनी. १९९७ साली दिल्लीच्या साकेतमध्ये देशातील पहिले मल्टिप्लेक्स उघडले. महाराष्ट्र सरकारने २००१ साली करमणूक करात सवलतीचे धोरण आणले आणि मुंबई, ठाणे, पुण्यात मल्टिप्लेक्स उभी राहू लागली. पाठोपाठ रिळांच्या जागी डिजिटल प्रती आल्या. प्रतीचा खर्च घटला आणि एकच चित्रपट एकाच दिवशी देशभरातील हजारो पडद्यांवर लावणे शक्य झाले.

पडदे वाढले म्हणजे निवड वाढेल, अशी तेव्हा सर्वांचीच अपेक्षा होती. एरवीच्या आठवड्यांत ती बऱ्याच अंशी खरीही ठरली. मोजक्या प्रेक्षकांसाठीच्या प्रयोगशील मराठी चित्रपटांना छोटी प्रेक्षागृहे मिळाली. पण सणाच्या आठवड्यात गणित उलटे फिरते. ते समजण्यासाठी एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका मल्टिप्लेक्समध्ये पाच पडदे आहेत. अडीच तासांचा चित्रपट, मध्यंतर, जाहिराती आणि दोन खेळांमधील साफसफाई धरली तर एका खेळाला तीन-सव्वातीन तास लागतात. सकाळी नऊपासून मध्यरात्रीपर्यंत एका पडद्यावर फार तर पाच खेळ बसतात, म्हणजे दिवसाला एकूण पंचवीस. यापैकी संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत सुरू होणारे, म्हणजे ज्यांना कुटुंबे सहज येऊ शकतात असे खेळ, जेमतेम पाच ते सात.

आता दोन बडे हिंदी चित्रपट, एक इंग्रजी चित्रपट आणि दोन मराठी चित्रपट एकाच आठवड्यात आले, तर हे पंचवीस खेळ वाटायचे कसे? बड्या चित्रपटाचा वितरक किमान इतके खेळ आणि इतक्या संध्याकाळच्या वेळा मिळाव्यात असा आग्रह धरतो. चित्रपट साडेतीन तासांचा असेल, तर दिवसाचा एक खेळ आणखी कमी होतो. मागण्या पूर्ण करून जे उरते, ते मराठीच्या वाट्याला येते. आणि उरलेला खेळ संध्याकाळचा असण्याची शक्यता फारच थोडी.

दुसरा मुद्दा कालावधीचा. चित्रपट एकाच वेळी सर्वत्र लागल्याने त्याचा बहुतेक गल्ला पहिल्या तीन-चार दिवसांतच गोळा होतो. मल्टिप्लेक्सचा आठवडा शुक्रवार ते गुरुवार चालतो आणि पुढच्या आठवड्याचा तक्ता सोमवारनंतर ठरू लागतो. पहिल्या रविवारपर्यंत किती खुर्च्या भरल्या, हाच त्यातील निर्णायक आकडा. सकाळी दहाच्या खेळाला तीस माणसे आली, एवढेच त्या आकड्यात दिसते. तो खेळ संध्याकाळी सातला असता, तर किती आली असती, हे कोणत्याही तक्त्यात नोंदले जात नाही. मराठी निर्मात्यांची खरी तक्रार येथेच आहे आणि ती रास्त आहे.

एकाच पाडव्याला

हिंदी चित्रपटांच्या परस्परांशी होणाऱ्या टकरी नव्या नाहीत. १२ नोव्हेंबर २००४ रोजी ‘वीर-झारा’, ‘ऐतराज’, ‘नाच’ आणि रंगीत ‘मुगल-ए-आझम’ असे चार चित्रपट एकाच दिवशी आले. ९ नोव्हेंबर २००७ रोजी ‘ओम शांती ओम’ आणि ‘सांवरिया’ समोरासमोर उभे ठाकले. २०१२ साली तर पडद्यांच्या वाटपाचा वाद भारतीय स्पर्धा आयोगापर्यंत गेला. ‘एक था टायगर’ हवा असल्यास दिवाळीचा ‘जब तक है जान’ही घेण्याची अट एकपडदा चित्रपटगृहांना घातली, अशी अजय देवगण यांच्या कंपनीची तक्रार होती. आयोगाने हस्तक्षेप केला नाही. पण सणाच्या पडद्यांचा सौदा कसा होतो, हे त्यानिमित्ताने लोकांसमोर आले. १ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘सिंघम अगेन’ आणि ‘भूल भुलैया ३’ आले, तेव्हाही असाच वाद झडला.

या टकरीत मराठी चित्रपटाने मान खाली घालावी असे मात्र नाही. १२ नोव्हेंबर २०१५ च्या पाडव्याला सलमान खान यांच्या ‘प्रेम रतन धन पायो’समोर ‘कट्यार काळजात घुसली’ आणि ‘मुंबई-पुणे-मुंबई २’ असे दोन मराठी चित्रपट लागले. एक पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या संगीत नाटकावर आधारलेला, शास्त्रीय संगीताने भारलेला. दुसरा घराघरांतल्या लग्नाळू तरुणांचा. दोन्ही चित्रपट मराठी प्रेक्षकांनी उचलून धरले. ८ नोव्हेंबर २०१८ च्या पाडव्याला ‘ठग्स ऑफ हिंदोस्तान’ आणि ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ एकाच दिवशी आले. ‘ठग्स’ने पहिल्या दिवशी विक्रमी गल्ला जमवला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला उतरती कळा लागली; घाणेकरांचा चित्रपट तोंडी प्रशंसेवर तग धरून राहिला. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये नाताळच्या तोंडावर ‘टायगर जिंदा है’समोर ‘देवा’ आणि ‘गच्ची’ या मराठी चित्रपटांना खेळ मिळावेत म्हणून महाराष्ट्र नवनिर्माण सेनेला चित्रपटगृहांना इशारा द्यावा लागला होता. हा इशारा आणि त्यानंतरच्या वाटाघाटी हा आता सणांच्या रिवाजाचा भाग होऊन बसला आहे, ही काही भूषणावह गोष्ट नव्हे.

२००९चा उन्हाळा

मराठी चित्रपटाला खेळ दिले तरी प्रेक्षक येतात कुठे, असा प्रतिप्रश्न चित्रपटगृहांचे चालक विचारतात. त्याचे निखळ उत्तर मिळणे कठीण, कारण हिंदी चित्रपट बाजूला ठेवून प्रयोग करून पाहणार कोण? पण २००९ साली तसा प्रयोग नकळत झाला.

त्या वर्षी ४ एप्रिलपासून हिंदी निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्सचालक यांच्यात उत्पन्नाच्या वाटणीवरून तंटा पेटला आणि निर्मात्यांनी नवे चित्रपट देणे थांबवले. ऐन सुटीत, सुमारे दोन महिने मल्टिप्लेक्समध्ये मोठा नवा हिंदी चित्रपट आला नाही. त्याच्या आदल्याच दिवशी, ३ एप्रिलला ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय’ हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला होता. एरवी जे खेळ त्याच्या वाट्याला आले नसते, ते आले. संध्याकाळच्या वेळा मिळाल्या. आणि कुटुंबेच्या कुटुंबे मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला आली. त्या यशात विषयाचा वाटा मोठा होता, हे खरेच. पण सोयीची वेळ मिळाली तर मराठी माणूस तिकीट काढतो, एवढे त्या उन्हाळ्याने नक्कीच दाखवून दिले. २९ एप्रिल २०१६ रोजी, पुन्हा उन्हाळ्याच्या सुटीत, ‘सैराट’ने आणि ३० जून २०२३ रोजी आलेल्या ‘बाईपण भारी देवा’ने त्यावर शिक्कामोर्तब केले. ‘बाईपण’च्या वेळी तर महिलांचे गट नटूनथटून चित्रपटगृहे भरून टाकत होते आणि खेळ वाढवण्यासाठी कोणालाही निवेदन द्यावे लागले नाही.

२००९च्या तंट्यातून वाटणीचे जे सूत्र निघाले, तेही समजून घेण्याजोगे आहे. कर वजा जाता उरलेल्या रकमेपैकी वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यानंतर ३० टक्के असे ते ठरले. म्हणजे चित्रपट जितका टिकेल, तितका चित्रपटगृहाचा वाटा वाढतो. तरीही चित्रपट टिकू दिला जात नाही, कारण पुढचा शुक्रवार पुढच्या चित्रपटाला आधीच देऊन टाकलेला असतो.

नियम आणि त्यांची मर्यादा

मराठी चित्रपटांसाठी राज्यात नियम नाहीत असे नाही. वर्षाकाठी ठरावीक खेळ मराठी चित्रपटांना देण्याचे बंधन चित्रपटगृहांवर पूर्वीपासून आहे. एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावडे यांनी संध्याकाळी सहा ते नऊ या मोक्याच्या वेळी मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपट दाखवणे सक्तीचे करण्याची घोषणा केली. त्यावर बराच गदारोळ झाला आणि अखेरीस ही वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल करण्यात आली. दुपारी बाराचा खेळही ‘मोक्याचा’ ठरल्याने सक्तीची धार बोथट झाली.

वर्षाच्या हिशेबाने मोजल्या जाणाऱ्या बंधनाची मूळ अडचण हीच आहे. मंदीच्या आठवड्यांत मराठी खेळ लावून कोटा पूर्ण करता येतो आणि पाडव्याच्या संध्याकाळी एकही खेळ न देता नियम पाळला असे म्हणता येते. नियम खेळांची संख्या मोजतो. कोणत्या दिवसाचा आणि कोणत्या घटकेचा खेळ, हे मोजत नाही. सणाच्या आठवड्यासाठी वेगळी, किमान एका संध्याकाळच्या खेळाची हमी असावी, ही मागणी म्हणूनच विचारार्ह ठरते. चालकांचे म्हणणेही दुर्लक्षिण्याजोगे नाही. वर्षातील अनेक आठवडे तोट्यात काढून चार सणांवर त्यांचा ताळेबंद उभा असतो, आणि त्या चार आठवड्यांत रिकामी खुर्ची त्यांना परवडत नाही.

करांच्या बाबतीत मराठी चित्रपटाचे एक जुने कवच गळून पडले. पूर्वी मराठी चित्रपटांना करमणूक कर माफ असल्याने त्यांचे तिकीट हिंदीपेक्षा स्वस्त ठेवता येई. १ जुलै २०१७ पासून वस्तू आणि सेवा कर लागू झाला आणि भाषेनुसार असलेला हा फरक मिटला.

तिकिटाचा हिशेब

२२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यावरील तिकिटावर १८ टक्के वस्तू आणि सेवा कर आहे. उदाहरणादाखल अडीचशे रुपयांचे तिकीट घेतले, तर त्यातील सुमारे ३८ रुपये कराचे. उरलेल्या २१२ रुपयांपैकी २००९च्या सूत्राप्रमाणे पहिल्या आठवड्यात १०६ रुपये वितरकाकडे आणि तेवढेच चित्रपटगृहाकडे जातात. चौथ्या आठवड्यात वितरकाला सुमारे ६४ रुपयेच मिळतात. मराठी चित्रपटांचे करार यापेक्षा वेगळे असू शकतात. पण निर्मात्याच्या दृष्टीने पहिल्या आठवड्यातील तिकीट सर्वांत मोलाचे, हे सूत्र बदलत नाही.

दक्षिणेतील काही राज्यांप्रमाणे महाराष्ट्रात सरकार दर ठरवून देत नाही. साहजिकच सणाच्या आणि शनिवार-रविवारच्या संध्याकाळी दर चढतात, तर सकाळच्या खेळांना ते उतरतात. घरबसल्या तिकीट काढताना सेवाशुल्क वेगळे पडते. ते आकारण्यास राज्य सरकारने २०१३ आणि २०१४ मध्ये घातलेली मनाई मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये रद्द ठरवली. चार-पाच तिकिटे काढणाऱ्या कुटुंबाला हा भुर्दंड जाणवण्याइतका असतो. वेळ असेल तर प्रत्यक्ष खिडकीवर तिकीट काढून तो टाळता येतो.

खाद्यपदार्थांच्या किमती हा नेहमीचाच तक्रारीचा विषय. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या निकालानुसार बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास मज्जाव करण्याचा अधिकार चित्रपटगृहाला आहे. मात्र पिण्याचे शुद्ध पाणी विनामूल्य उपलब्ध असले पाहिजे आणि तान्ह्या बाळासाठी आणलेले अन्न अडवता येत नाही. पाण्याची बाटली विकत घेण्यापूर्वी ही सोय कोठे आहे, हे अवश्य विचारावे.

सुटीत चित्रपटाला जाताना

गर्दीच्या हंगामात पुढील काही गोष्टी ध्यानात ठेवल्यास मनस्ताप टळतो.

पहिली गोष्ट प्रमाणपत्राची. ‘ए’ प्रमाणपत्राच्या चित्रपटाला अठरा वर्षांखालील मुलांना पालकांसोबतही प्रवेश नाही. सर्व तिकिटे काढून दारावरून परतण्याची वेळ सणासुदीला अनेकांवर येते. ‘यूए’ प्रमाणपत्राचे २०२४ पासून सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन टप्पे झाले आहेत. हे टप्पे पालकांच्या मार्गदर्शनासाठी असतात. लहान मुले सोबत असतील तर चित्रपटाच्या नावापुढील हा आकडा आधी पाहावा.

दुसरी गोष्ट दिवसाची. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आणि भाऊबीजेनंतरच्या कामकाजाच्या दिवशी तुलनेने निवांतपणे तिकीट मिळते. आठ-दहा जणांना शेजारी-शेजारी बसायचे असेल, तर पाडवा-भाऊबीजेच्या संध्याकाळचा हट्ट सोडून सकाळचा खेळ धरावा; दरही कमी पडतो. घरात वृद्ध असतील, तर पडदा कितव्या मजल्यावर आहे आणि उद्वाहन आहे की नाही, याची चौकशी करून ठेवावी.

तिसरी गोष्ट एकपडदा चित्रपटगृहांची. त्यांची संख्या घटत चालली असली, तरी जी उरली आहेत तेथे दर सहसा मल्टिप्लेक्सपेक्षा कमी असतात. गावातील अशा चित्रपटगृहात काय लागले आहे, हे पाहिल्याशिवाय मोठ्या खर्चाचा बेत ठरवू नये.

चौथी गोष्ट मराठी चित्रपटाची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. चित्रपट पाहण्याचे ठरले असेल, तर तो पहिल्या रविवारपर्यंत पाहावा. परीक्षणे वाचून, गर्दी ओसरल्यावर, सवडीने जाण्याची आपली जुनी सवय त्या काळाला साजेशी होती, जेव्हा चित्रपट पंचवीस आठवडे थांबत असे. आज सवडीने निघालेला प्रेक्षक तक्त्यात मोजलाच जात नाही. वेळ गैरसोयीची असेल, तर चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकाकडे तशी मागणी नोंदवावी. सोसायटीतील, कार्यालयातील किंवा महिला मंडळातील पंधरा-वीस जणांनी एकत्र तिकिटे काढली, तर त्या मागणीला वजन येते.

प्रत्येक मराठी चित्रपट केवळ मराठी आहे म्हणून पाहावा, असा याचा अर्थ नाही. वाईट चित्रपटाला भाषेच्या नावाखाली आधार देण्याने त्या भाषेचे भले होत नाही. पण चांगला चित्रपट अयोग्य वेळेच्या खेळामुळे मरू नये, एवढी काळजी घेणे प्रेक्षकाच्या आवाक्यातले आहे. सण मराठी, सुटी मराठी शाळांची आणि प्रेक्षकही मराठी असताना, पाडव्याच्या संध्याकाळी एका पडद्यावर मराठी बोलले जावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. ती पूर्ण करण्याची पहिली जबाबदारी सरकारची आणि चित्रपटगृहांची आहेच. परंतु पुढच्या आठवड्याचा तक्ता आखला जातो तो पहिल्या तीन दिवसांत विकल्या गेलेल्या तिकिटांवरून, आणि ती तिकिटे काढणे आपल्या हाती आहे.